नोंद कोण वाचतं?

२०२३च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर काही स्क्रीनशॉट फिरत होते. वरवर पाहिलं तर त्यांत धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. एका चॅटबॉटने वजन कमी करण्याबद्दल सल्ला दिला होता. दिवसाला अमुक इतक्या कॅलरी कमी करा, आठवड्याला अमुक इतकं वजन उतरू द्या, आठवड्यातून एकदा काट्यावर उभं राहा. असा सल्ला आपल्याकडे जिमचा ट्रेनर देतो, ऑफिसातला सहकारी देतो, लग्न ठरलं की शेजारच्या काकू न विचारता देतात. पण हा चॅटबॉट खाण्याच्या विकारांशी झगडणाऱ्या माणसांसाठी बनवला होता. आणि तो होता अमेरिकेतल्या ‘नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन’ म्हणजे ‘नेडा’ या संस्थेच्या वेबसाइटवर. त्याचं नाव टेसा.

त्या स्क्रीनशॉटमधले नेमके आकडे मी इथे देणार नाही. हा लेख वाचणाऱ्यांत असं कोणीतरी नक्की असेल, ज्याच्या डोक्यात लेख संपल्यावर बाकी काही उरणार नाही, तेवढा आकडा उरेल. ॲनोरेक्सिया किंवा बुलिमिया असलेल्या माणसाला आकडा माहिती म्हणून ऐकू येत नाही, हुकूम म्हणून ऐकू येतो. टेसाला नेमकं हेच कळत नव्हतं.

मी डॉक्टर नाही की मानसोपचारतज्ज्ञही नाही. मी लिहिलेलं वाचते, आणि ते कोणी कोणासाठी लिहिलंय हे तपासते. खाण्याच्या विकारांवरच्या उपचारात तंत्रज्ञान वापरावं की नाही, यावर बोलणाऱ्यांत बहुतेक वेळा इंजिनिअर असतात, डॉक्टर असतात, गुंतवणूकदार असतात. समीक्षकाला तिथे कोणी बोलवत नाही. पण चॅटबॉटचं संभाषण, ॲपमधला फॉर्म, रोजची खाण्याची नोंद या सगळ्या शेवटी संहिताच आहेत. त्यांना लेखक आहे, त्यांनी गृहीत धरलेला वाचक आहे, त्यांची भाषा आहे. मग त्यांचं वाचन करायला काय हरकत आहे?

टेसाची गोष्ट

आधी टेसावर अन्याय होऊ नये म्हणून तिची पूर्ण गोष्ट सांगते. टेसा ही काही कोणीतरी घाईघाईत उभी केलेली वस्तू नव्हती. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या एलन फिट्झसिमन्स-क्राफ्ट आणि स्टॅनफर्डचे सी. बार टेलर यांच्यासारख्या, या विषयात वर्षानुवर्षं काम केलेल्या संशोधकांनी तिचा मजकूर तयार केला होता. ती नियमांवर चालायची. म्हणजे तिची वाक्यं माणसांनी आधीच लिहून ठेवलेली होती. समोरून अमुक उत्तर आलं की तमुक वाक्य पुढे सरकवायचं, एवढंच तिचं काम. ७०० तरुण स्त्रियांवर तिची रीतसर चाचणी झाली होती, आणि टेसा वापरणाऱ्यांची वजनाबद्दलची, शरीराच्या आकाराबद्दलची चिंता ६ महिन्यांनंतरही न वापरणाऱ्यांपेक्षा कमी झालेली दिसली होती. लक्षात ठेवायची गोष्ट ही की या स्त्रियांना आजार होण्याचा धोका होता, प्रत्यक्ष आजार नव्हता. टेसा प्रतिबंधासाठी होती, उपचारासाठी नव्हती.

नेडाची एक हेल्पलाइनही होती. १९९९पासून सुरू असलेली. मोजके पगारी कर्मचारी आणि सुमारे २०० स्वयंसेवक फोन, मेसेज, चॅट सांभाळायचे. कोविडनंतर येणारे लोक वाढले, त्यांच्या अडचणी जास्त गंभीर झाल्या. कर्मचाऱ्यांनी जास्त माणसं आणि चांगलं प्रशिक्षण मागितलं, आणि २०२३च्या सुरुवातीला युनियन केली. त्यानंतर लगेच त्यांना सांगण्यात आलं की हेल्पलाइनच बंद होतेय. संस्थेचं म्हणणं असं की या निर्णयाचा युनियनशी संबंध नाही, कायदेशीर जबाबदारी पेलवत नाही म्हणून हे आधीपासूनच ठरत होतं. टेसा हेल्पलाइनची जागा घेणार नाही, असंही संस्था म्हणत होती. पण दार ठोठावणाऱ्याच्या बाजूने पाहा. काल तिथे माणूस होता. आज माणूस नाही आणि बॉट आहे. त्याला ‘जागा घेणं’ म्हणायचं की नाही हा शब्दांचा प्रश्न झाला.

मग २९ मे रोजी शॅरन मॅक्सवेल या कार्यकर्तीने टेसाशी झालेलं आपलं बोलणं जाहीर केलं. ती स्वतः या आजारातून गेलेली. तिने लिहिलं त्याचा आशय असा: मी आजारात बुडालेली असताना हा बॉट भेटला असता तर मला मदत मिळाली नसती, आणि मदत मिळाली नसती तर मी आज जिवंत नसते. संस्थेने आधी हे खोटं ठरवण्याचा प्रयत्न केला. ॲलेक्सिस कोनासन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी टेसाशी बोलून पाहिलं, त्यांनाही तसाच सल्ला मिळाला. ३० मे रोजी टेसा बंद झाली.

आता नियमांवर चालणारा बॉट, ज्याचं प्रत्येक वाक्य तज्ज्ञांनी लिहिलेलं, तो हे कसं बोलला? टेसा चालवणाऱ्या कॅस या कंपनीने आपल्या सिस्टिममध्ये स्वतःहून वाक्यं तयार करणारी, म्हणजे जनरेटिव्ह एआयची सोय जोडली होती. मूळ संशोधकांनी असं काही बनवलेलं नव्हतं. नेडाचं म्हणणं, आम्हाला या बदलाची कल्पना नव्हती. लेखकाला न सांगता संहिता बदलली, आणि जिच्या नावाखाली ती छापली गेली त्या संस्थेलाही पत्ता नव्हता. छापील पुस्तकाच्या बाबतीत असं घडलं असतं तर प्रकाशकाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

बहिरी आणि होयबा

या प्रकरणावर जे लिहिलं गेलं त्याचा सूर साधारण असा होता: नियमांवर चालणारी टेसा चांगली होती, जनरेटिव्ह एआयने तिला बिघडवलं. मला हे अर्धंच खरं वाटतं.

मूळ, न बिघडलेल्या टेसाची संभाषणंही संशोधकांनी तपासली होती, आणि त्यात काय अडलं हे प्रामाणिकपणे छापलं होतं. एका ठिकाणी कोणीतरी लिहितं की मला माझं दिसणं आवडत नाही, माझा स्वभाव वाईट आहे, घरच्यांना मी आवडत नाही. त्यावर टेसा उत्तर देते ते साधारण असं: छान, स्वतःतले चांगले गुण असेच ओळखत राहा! आणि पुढच्या धड्याकडे वळते. कारण तिच्या नियमात त्या जागी ‘स्वतःचे गुण सांगा’ असा प्रश्न होता, आणि उत्तर म्हणजे गुणच असणार असं धरलेलं होतं.

ही टेसा बहिरी होती. नंतरची टेसा होयबा झाली. वजन कसं कमी करू असं विचारलं की तिने ते सांगितलं, कारण विचारणाऱ्याला खूश ठेवणं हा तिचा स्वभाव. एकीला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीला नाही म्हणता येत नव्हतं. खाण्याच्या विकारात माणूस आणि त्याचा आजार एकाच तोंडाने बोलत असतात. “मला मदत करा” आणि “मला अजून बारीक करा” ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाकडून, कधीकधी एकाच दमात येतात. ऐकणाऱ्याचं सगळं कसब यात आहे की कोणत्या वाक्याला उत्तर द्यायचं आणि कोणत्या वाक्यापाशी थांबून विचारायचं. दोन्ही टेसांना ते जमलं नाही, आणि त्याचं कारण सॉफ्टवेअरची आवृत्ती हे नव्हतं.

हे नवीनही नाही. १९६६ साली एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो मानसोपचारतज्ज्ञासारखं बोलायचा, म्हणजे समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करायचा. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने अनेक महिने त्यांना तो लिहिताना पाहिलं होतं. आत काही नाही हे तिला माहीत होतं. तरी एलायझाशी थोडं बोलल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबाउम या प्रसंगाने हादरले आणि पुढे यंत्रावरच्या अशा विश्वासाचे कडवे टीकाकार झाले. मला मात्र त्या सेक्रेटरीचं काही चुकलं असं वाटत नाही. तिला एकांत हवा होता. आपलं म्हणणं कोणाच्या चेहऱ्यावरच्या रेषा न बघता एकदा बोलून टाकायचं होतं. ही गरज खरी आहे. रात्री दोन वाजता चॅटजीपीटीला जे लोक मनातलं सांगतात त्यांची गरजही खरी आहे. एकांत मिळाला, पण पुढे काय, इथे प्रश्न सुरू होतो.

एका कागदाचं वाचन

आता टेसाच्या शेजारी एक जुनी वस्तू ठेवून पाहू. तीही तंत्रज्ञानच आहे, फक्त तिला बॅटरी लागत नाही.

बुलिमिया नर्व्होसा हे नाव लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९मध्ये दिलं. दोनच वर्षांनी ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी त्यावरची बोलण्यातून करायची उपचारपद्धत मांडली. आज ती जगभर वापरली जाते. तिच्या मध्यभागी एक साधा तक्ता आहे. वेळ. काय खाल्लं-प्यायलं. कुठे. मग एक अरुंद रकाना, ज्यात आपल्याला जे खाणं जास्त झालं असं वाटतं त्यापुढे चांदणी काढायची. उलटी वगैरे झाली तर त्याची खूण. आणि शेवटी सगळ्यात रुंद रकाना: त्या वेळी काय चाललं होतं, मनात काय होतं.

या तक्त्यात कॅलरी लिहायच्या नाहीत, अशी स्पष्ट सूचना असते. साध्या भाषेत लिहायचं: दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण. आणि खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं, रात्री आठवून नाही.

तक्त्यातली ती चांदणी मला मोलाची वाटते. किती खाल्लं की जास्त, हे तक्ता ठरवत नाही. तो खाणाऱ्याला विचारतो, तुला जास्त वाटलं का? एका बिस्किटापुढे चांदणी असू शकते आणि भरल्या ताटापुढे नसू शकते. खाणं आणि खाण्याबद्दल वाटणं या दोन गोष्टी तक्ता वेगळ्या रकान्यांत ठेवतो. ज्याच्या मनात त्या दोन्ही चिकटून एक झाल्या आहेत त्याच्यासाठी ही फट फार मोठी असते.

मी असा तक्ता ठेवलाय. कॉलेजात असताना, पुण्यात, जवळजवळ पाच महिने, दोनशे पानी वहीत पट्टीने रेघा मारून. त्या वहीतली एक नोंद अशी होती: दुपारी दीड, दोन पोळ्या, फ्लॉवरची भाजी, शिरा. शिऱ्यापुढे चांदणी. शेवटच्या रकान्यात फक्त ‘मामीकडे’. पुढच्या भेटीत समुपदेशक बाईंनी बोट त्या चांदणीवर ठेवलं आणि विचारलं, “शिरा किती होता?” मी म्हटलं, चमचाभर असेल. “मग चांदणी कशाची?” मला लगेच सांगता येईना. बऱ्याच वेळाने सांगता आलं. मामी वाटी घेऊन शेजारी उभी राहिली होती, “एवढंसं तर खा गं, वाळलीस किती,” म्हणाली होती, आणि मला नको म्हणता आलं नव्हतं. चांदणी शिऱ्याला नव्हती, आग्रहाला होती. बाई म्हणाल्या, “मग ते लिही ना त्या रकान्यात. ‘मामीकडे’ एवढ्यावरून मला काय कळणार?”

ती वही कोणीतरी वाचणार आहे, हे मला माहीत होतं. दर मंगळवारी चार वाजता. त्यामुळे मी लिहिताना त्या बाईंसाठी लिहायला लागले, आणि कोणाला तरी समजावं म्हणून लिहिता लिहिता ते मलाही समजायला लागलं. फेअरबर्न यांच्या पद्धतीत प्रत्येक भेट ही नोंदी दोघांनी मिळून वाचण्याने सुरू होते. लिहिणं हा उपचाराचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग म्हणजे समोर बसून वाचणारं माणूस.

वही खिशात आली

स्मार्टफोन आल्यावर ही वही ॲपमध्ये जाणार हे उघड होतं, आणि त्यात वाईट काही नाही. चारचौघांत वही काढून लिहिण्यापेक्षा फोनवर टाइप करणं सोपं; कोणी विचारत नाही. ‘रिकव्हरी रेकॉर्ड’ हे ॲप याच हेतूने बनलं. जेवण, भावना, उर्मी यांची नोंद करायची, कॅलरी मोजायच्या नाहीत, आणि हवं तर आपल्या उपचारकाला ती नोंद थेट दिसू द्यायची. कागदाच्या तक्त्याचं तत्त्व त्यात टिकवलंय.

पण बहुतेकांच्या फोनमध्ये हे ॲप नसतं. दुसऱ्या प्रकारचं असतं, ज्यात खाल्लेल्या प्रत्येक घासाची किंमत कॅलरीत येते आणि दिवसाच्या शेवटी शिल्लक दिसते. २०१७मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खाण्याचा विकार असलेल्या १०५ जणांना ‘मायफिटनेसपाल’ या कॅलरी मोजणाऱ्या ॲपबद्दल विचारलं. सुमारे ७५ टक्क्यांनी ते वापरलं होतं. त्यातल्या ७३ टक्क्यांना वाटत होतं की आपल्या आजारात या ॲपचा हातभार आहे. आजार ॲपमुळे झाला असं यातून सिद्ध होत नाही. आजारी माणूस असं ॲप शोधतच जाईल. पण बनवणाऱ्याच्या मनात कोणताही हेतू असो, ज्यांना आकड्यांचा सगळ्यात जास्त त्रास होतो तेच तिथे मोठ्या संख्येने येऊन पोहोचतात, हे तरी यातून दिसतं.

दोन्ही ॲपमध्ये माणूस तेच करतो: खाल्लेलं लिहितो. पण कॅलरी मोजणाऱ्या ॲपमध्ये चांदणीचा रकाना नाही. ‘कुठे’ नाही. ‘मनात काय होतं’ नाही. शिरा म्हणजे रवा, तूप, साखर आणि त्यांची बेरीज. मामी त्यात मावत नाही. शिवाय कागदाची वही बंद करून ठेवता येते, ॲप नोटिफिकेशन पाठवतं: आज नोंद केली नाहीत! सलग इतके दिवस झाले, साखळी तोडू नका! ज्या आजाराचा सगळा जोर ‘नियम मोडायचा नाही’ यावर आहे, त्या आजाराला ही भाषा तोंडपाठ असते.

चांगल्या हेतूच्या ॲपचंही सगळं सरळ नसतं. डेन्मार्कमध्ये ‘रिकव्हरी रेकॉर्ड’ वापरणाऱ्या पेशंट्सशी संशोधक सविस्तर बोलले. काहींना त्याचा आधार वाटला, काहींना उपचारात अडथळाच वाटला. हाच रकाना कागदावर भरताना मला ज्याने मदत झाली, तो दिवसातून सहा वेळा फोनवर समोर आला असता तर कसं वाटलं असतं, याचा विचार मी केलाय. उत्तर बहुधा यावर अवलंबून राहिलं असतं की मंगळवारी चार वाजता ते कोणी उघडणार होतं का.

याला वैद्यकीय पुरावाही आहे. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांच्या बुलिमियासाठी पहिली पायरी म्हणून स्वमदत सुचवलीय. म्हणजे पुस्तक किंवा कार्यक्रम घेऊन पेशंटने स्वतःच पायऱ्या चढायच्या. पण तिथे शब्द आहे ‘मार्गदर्शित’ स्वमदत. सोबत माणसाबरोबरच्या काही छोट्या भेटी, साधारण वीस-वीस मिनिटांच्या. वीस मिनिटं म्हणजे काही फार नाही. पण शून्यही नाही.

घास उतरत नाही

या सगळ्या यंत्रांची आणखी एक अडचण आहे, आणि ती आपल्याला जास्त जवळची आहे. ही यंत्रं एका विशिष्ट कथेची वाट बघत असतात. त्या कथेतली मुलगी आरशात पाहते, स्वतःला जाड समजते, आणि म्हणून खात नाही.

हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३मध्ये ॲनोरेक्सियाच्या ७० चिनी पेशंट्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना जाड होण्याची भीती नव्हती. पोट फुगल्यासारखं वाटतं, भूकच लागत नाही, अशी कारणं ते सांगत होते. १९९५मध्ये भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी ५ तरुण मुलींच्या केसेस मांडल्या. खायला नकार, उलट्या, प्रचंड उतरलेलं वजन. पण आपल्या शरीराबद्दलची ती ठरलेली विकृत प्रतिमा त्यांच्यात दिसत नव्हती. त्यांचा त्रास तितकाच जिवावरचा होता, पण तो सांगायची त्यांची भाषा पाठ्यपुस्तकातल्या भाषेहून निराळी होती.

मराठीत हे कसं बोललं जातं ते आठवून पाहा. “अन्नावरची वासनाच गेलीय.” “घास उतरत नाही.” “पोटात तुडुंब वाटतं.” “माझं झालंय, तुम्ही बसा.” यातलं एकही वाक्य वजनाबद्दल नाही. फॉर्ममध्ये ‘तुम्हाला जाड होण्याची भीती वाटते का’ याला ही मुलगी ‘नाही’ म्हणेल, आणि ते खरं असेल. फॉर्म तिला निरोगी ठरवून पुढच्या पानावर जाईल.

दुसरं उदाहरण उपवासाचं. “आज माझा उपवास आहे,” हे वाक्य बॉटपुढे टाका. जास्तीत जास्त तो उपवासाबद्दल आदराने दोन वाक्यं बोलेल. घरातली आजी मात्र विचारेल, “आज कसला गं? एकादशी तर परवा झाली.” आजीला मानसशास्त्र येत नाही. तिला पंचांग येतं, नात माहीत आहे, आणि परवा नातीने साबुदाण्याची खिचडी ताटात तशीच ठेवली होती हेही आठवतं. अर्थात हीच आजी दुसऱ्या दिवशी आग्रह करकरून जीव नकोसा करेल. माणसं आहेत म्हणजे सगळं बरं होईल असा माझा मुळीच दावा नाही. आपल्या घरांत ‘जाडी’ आणि ‘वाळकुडी’ ही दोन्ही विशेषणं प्रेमाने वापरली जातात आणि दोन्ही सारखीच लागतात. बॉटकडे जाणारी मुलगी अनेकदा याच माणसांपासून पळून तिथे गेलेली असते. पण त्या आजीच्या एका प्रश्नात जे तीन प्रकारचं ज्ञान आहे, ते बॉटमध्ये नुसती मराठी भाषा घालून येणार नाही.

मग काय करायचं?

तंत्रज्ञान नको, असं म्हणणं मला परवडणार नाही. तुम्हालाही नाही. खाण्याच्या विकारांवर काम करणारी माणसं आपल्याकडे फारच थोडी आहेत, आणि आहेत ती मोठ्या शहरांत. परभणीतल्या किंवा कुडाळमधल्या मुलीला व्हिडिओ कॉलवर पुण्या-मुंबईतली उपचारक मिळाली तर तो तंत्रज्ञानाचा फार चांगला उपयोग आहे. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ला सुरू केला. तो मोफत आहे, रात्री-अपरात्री चालतो, मराठीत बोलता येतं. तो खास खाण्याच्या विकारांसाठी नाही, पण पलीकडे माणूस असतो. इथेही मध्ये यंत्रच आहे: फोन. त्याने दोन माणसांमधलं अंतर कमी केलं आणि तो बाजूला झाला.

म्हणून कुठलंही नवं ॲप, नवा बॉट समोर आला की मी त्याचं वाचन तीन प्रश्नांनी करते. पहिला: मी इथे जे लिहिते ते कोण वाचतं, आणि कधी? “आमची सिस्टिम वाचते” हे उत्तर मला पुरत नाही. दुसरा: यात माझ्या शब्दांना जागा आहे का, की फक्त आकड्यांना? चांदणीचा रकाना कुठे आहे? तिसरा: मी चुकीचं मागितलं तर हे मला नाही म्हणू शकतं का? आणि नाही म्हणून झाल्यावर थांबून ‘का मागतेस’ असं विचारू शकतं का?

टेसाला दुसऱ्या प्रश्नात थोडे मार्क देता येतील. निदान तिने लोकांना बोलतं केलं. पहिल्या आणि तिसऱ्यात ती नापास. कॅलरी मोजणारी ॲप्स तिन्हींत नापास, पण ती उपचार असल्याचा दावा करत नाहीत, म्हणून त्यांच्यावर मी टेसाइतकी रागावत नाही. कागदाची वही पहिल्या दोन्हींत पास होते. तिसऱ्यात मात्र ती एकटी काहीच करू शकत नाही, त्यासाठी समोर बसलेल्या बाई लागतात.

नेडाच्या हेल्पलाइनवरचे बहुतेक जण स्वयंसेवक होते, तज्ज्ञ नव्हते. त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून टेसाचं ते वाक्य गेलं असतं का? कदाचित गेलंही असतं. थकलेली माणसं काहीही बोलून जातात. पण मग पलीकडची शांतता त्यांना ऐकू आली असती. त्यांनी विचारलं असतं, “हॅलो? आहेस ना?” टेसाच्या स्क्रीनशॉटमध्ये सल्ल्याखाली पुढचा सल्ला आहे. तो वाचणारी तिथे अजून आहे का, हे कोणी विचारलेलं नाही.